बर्गनमध्ये कुणाच्या घरी राहायचंय? मला हमखास विचारले जाणारे प्रश्न

गेल्या ऑगस्टमध्ये मी पाठीवर सॅक टाकून नॉर्वेला गेले आणि बर्गनमध्ये सहा रात्री एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी राहिले. परत आल्यापासून ऑफिसातले, ट्रेकच्या ग्रुपवरचे, मावसबहिणीच्या सासरचे, सगळे तेच ते विचारतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. यजमानीणबाईंचं नाव देणार नाही. इथे त्यांना नुसतं 'बाई' म्हणते. तिथे मात्र नावानेच हाक मारावी लागे, आणि साठी उलटलेल्या बाईला नावाने हाक मारताना पहिले दोन दिवस माझी जीभ अडखळायची. 'काकू' ही सोय त्यांच्याकडे नाही.

सगळं सोडून बर्गनच का? ओस्लो, स्टॉकहोम का नाही?

खरं सांगायचं तर रेल्वेसाठी. ओस्लोहून बर्गनला जाणारी गाडी १९०९ पासून धावतेय. साधारण सात तास लागतात आणि मध्ये फिन्से नावाचं स्टेशन लागतं, १,२२२ मीटर उंचीवर. तिथे रस्ताच जात नाही. गाडीने या, चालत या नाहीतर सायकल हाणत या. झाडं संपतात, नुसते खडक आणि पाणी उरतं आणि मग गाडी उतरत उतरत समुद्रापाशी येऊन थांबते. तिकीट बरंच आधी काढलं तर परवडतं. आदल्या दिवशी काढायला गेलात तर डोळे पांढरे होतील.

दुसरं कारण म्हणजे आकार. वस्ती तीन लाखांच्या आत-बाहेर, म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या मानाने वाडीच. भोवती सात डोंगर, समोर समुद्र. आणि माणसं? ती आपल्या पुणेकरांची सख्खी भावंडं. 'मी नॉर्वेचा नाही, बर्गनचा' असं तिथे गमतीने म्हणतात, पण म्हणताना हसत नाहीत. तेराव्या शतकात ही राजधानी होती आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत देशातलं सगळ्यात मोठं शहर. ते अजून कुणी विसरलेलं नाही.

असे यजमान सापडतात कुठे?

प्रवाशांना आपल्या घरी फुकट राहू देणाऱ्यांची संकेतस्थळं असतात. त्यातलं काउचसर्फिंग सगळ्यांना माहीत आहे. आता बऱ्याच देशांत त्याला वर्गणी पडते. बीवेलकम फुकट आहे. सायकलवाल्यांसाठी वॉर्मशॉवर्स. आणि थोडं जुन्या वळणाचं हवं असेल तर सर्व्हास: १९४९ साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेली संस्था, आधी मुलाखत घेते, मग ओळखपत्र देते, मुक्काम बहुधा दोन रात्रींचा.

मी चौदा जणांना लिहिलं, तिघांचं उत्तर आलं, त्यातलं एक 'नाही' असं होतं. एकच मजकूर चिकटवून सगळ्यांना पाठवला तर तो लगेच ओळखू येतो. समोरच्याने स्वतःबद्दल लिहिलेलं वाचा. बाईंनी लिहिलं होतं, 'मांजर आहे. रात्री दहानंतर मी बोलत नाही. पावसाबद्दल तक्रार करणाऱ्यांनी येऊ नये.' मी उत्तरात लिहिलं की मी मुंबईच्या बाजूची आहे, पाऊस माझ्या घरचाच आहे. तेवढ्यावर काम झालं असं त्यांनीच नंतर सांगितलं.

व्हिसाच्या अर्जात 'ओळखीच्यांकडे राहणार' लिहिलं तर अडचण होते का?

मला झाली नाही. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे नेहमीचाच शेंगेन व्हिसा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, बँकेचं स्टेटमेंट, परतीचं तिकीट आणि यजमानांचं पत्र: त्यात पत्ता, तारखा, 'ही माझ्याकडे राहील' एवढं स्पष्ट. बाकी कागद बदलत राहतात, अधिकृत संकेतस्थळ बघूनच जमवा. विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्याने मला विचारलं, 'या तुमच्या कोण?' मी म्हटलं, अजून कोणी नाहीत. तो हसला नाही, पण शिक्का मारला. तुम्ही असले विनोद करू नका.

पाऊस खरंच एवढा असतो?

असतो. बर्गनमध्ये वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मुंबईतही साधारण तेवढाच. फरक असा की आपला चार महिन्यांत सगळा हिशोब चुकता करतो, त्यांचा बारा महिने पुरवून पुरवून पडतो. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस काही ना काही गळतच असतं. कारण आपल्या ओळखीचंच आहे: समुद्रावरून आलेले ओले वारे डोंगरांना आपटतात आणि ओझं खाली टाकतात. सह्याद्रीचा धंदा तोच, फक्त तिथला पाऊस गार. २००६-०७ च्या हिवाळ्यात सलग ८५ दिवस पाऊस पडला होता. हा आकडा तिथले लोक क्रिकेटच्या विक्रमासारखा सांगतात.

मे-जून त्यातल्या त्यात कोरडे. मी ऑगस्टात, म्हणजे ऐन श्रावणात गेले आणि सहापैकी साडेचार दिवस भिजले. पहिल्या संध्याकाळी बाईंनी विचारलं, तुमच्या भाषेत पावसाला किती शब्द आहेत? मी सर, झड, भुरभुर, रिमझिम, पिरपिर, संततधार, मुसळधार असं बोटांवर मोजत गेले. त्या खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाल्या, मग हा कुठला? मी जरा निरखून पाहिलं आणि म्हटलं, पिरपिर. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. बर्गनकर 'र' घशातून काढतात, त्यामुळे त्यांची पिरपिर गुळण्या केल्यासारखी यायची. नॉर्वेत सगळे जण वापरतात त्या हवामानाच्या सेवेचं नावच 'यूर' आहे, म्हणजे भुरभुर.

मग कपडे काय न्यायचे? छत्री?

छत्री नको. वाऱ्यापुढे ती टिकत नाही. बंदराजवळच्या कचरापेट्यांमधून मोडक्या काड्या वर आलेल्या दिसतात. आपला ट्रेकचा पॉन्चोही नको, त्याचा पतंग होतो. नीट चेन लागणारं रेनकोटचं जॅकेट, पावसाळी पँट आणि अंगालगत लोकर. हो, उन्हाळ्यातसुद्धा. सुती टीशर्ट आणि जीन्स भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि तुमच्या ओल्या जीन्सने कुणाच्या तरी घराची न्हाणीघरं अडवणं बरं दिसत नाही. बाईंकडे बाथरूमची फरशी खालून गरम व्हायची. तिथे बूट ठेवायचे, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून. ही युक्ती मात्र आपल्याकडचीच निघाली.

किती दिवस राहावं?

आपल्याकडे म्हण आहेच: एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. मी तीन रात्री मागितल्या होत्या. चौथ्या दिवशी सकाळी सॅक भरून दाराशी आणली तेव्हा बाईंनी विचारलं, कुठे चाललीस, शनिवारपर्यंत खोली रिकामीच आहे. त्यांनी आपणहून म्हटलं म्हणून राहिले. आपण होऊन 'अजून दोन दिवस चालेल का' असं विचारू नका. समोरच्याला नाही म्हणणं जड जातं.

घरात वागायचं कसं?

बूट दाराशी काढायचे, यात आपल्याला काही शिकवावं लागत नाही. बाकी बऱ्याच गोष्टी वेगळ्या आहेत.

जेवण लवकर. संध्याकाळी साडेचार-पाचला गरम जेवण, मग रात्री वाटलं तर ब्रेडचा तुकडा. मी पहिल्या दिवशी साडेसातला भुकेली परतले तेव्हा माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. बाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी फ्रिजवर चिठ्ठी होती: 'पाच'. एवढंच.

जेवून उठताना 'ताक्क फोर मातन' म्हणायचं, जेवणाबद्दल आभार. हे लहान मुलंही म्हणतात, न म्हणता उठणं उद्धट समजतात. आपल्याकडे घरात आभार मानले की परकं वाटतं, तिथे नेमकं उलट.

शांततेची सवय करावी लागते. बाई आणि मी एका खोलीत दोन-दोन तास बसायचो, त्या शब्दकोडं सोडवत, मी नकाशा बघत. कुणी बोलत नाही म्हणून मी पहिल्या दिवशी उगाच विषय काढत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, तुला बरं वाटत नाहीये का?

आणखी बारीकसारीक: कचऱ्याचे डबे वेगवेगळे असतात, कुठला कशाचा ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. रिकाम्या बाटल्या टाकू नका, दुकानातल्या यंत्रात घातल्या की अनामत परत मिळते, लहान बाटलीचे दोन क्रोनर, मोठीचे तीन. वॉशिंग मशीन विचारल्याशिवाय लावायचं नाही. किल्ली दिली असेल तर कधी परतणार ते सांगून जायचं.

स्वयंपाक करू देतात का? आणि फोडणी?

करू देतात, खूशच होतात. पण आधी छताकडे बघा.

तिसऱ्या संध्याकाळी मी मुगाची खिचडी करायला घेतली. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग गेला, लाल मिरची टाकली आणि वरून जो काही भोंगा सुरू झाला! स्मोक अलार्म. मांजर सोफ्याखाली गेलं ते रात्रीपर्यंत बाहेर आलं नाही. मी पातेलं घेऊन गोल गोल फिरतेय, आणि बाई शांतपणे स्टूल घेऊन आल्या, भांडी पुसायचा कपडा अलार्मखाली हलवला, भोंगा थांबला. मला वाटलं त्या हसतील. त्या म्हणाल्या, 'चांगलं झालं. बॅटरी चालू आहे ते कळलं.'

त्यांचं घर सांडविकन भागातलं, उतारावरचं, लाकडी, शेजारच्या घराशी जेमतेम हात पोचेल एवढं अंतर. असल्या गल्लीत एक घर पेटलं की रांग पेटते, आणि हे शहर कितीदा तरी जळलंय. १७०२ मध्ये बराचसा भाग गेला. १९१६ च्या जानेवारीत, वादळी वाऱ्यात, मध्यवस्ती गेली. गावात फिरताना काही रस्ते विनाकारण रुंद वाटतात, मैदानासारखे. नावात 'अल्मेनिंग' असतं. ते आग एका बाजूची दुसरीकडे जाऊ नये म्हणून मोकळे सोडलेले पट्टे आहेत. हे मी पुस्तकात वाचलं असतं तर विसरले असते. फोडणीमुळे लक्षात राहिलं.

थोडक्यात: पंखा लावा, खिडकी उघडा, तेल कमी तापवा, मिरची शेवटी.

ब्रिगनची ती रंगीत घरं बघण्यासारखी आहेत की नुसती फोटोपुरती?

समोरून फोटोपुरती. आत शिरलात तर बघण्यासारखी. बंदरावरची ही लाकडी घरांची रांग १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. हान्सा नावाच्या जर्मन व्यापारी संघाची पेढी चौदाव्या शतकाच्या मध्यापासून १७५४ पर्यंत इथे होती. उत्तरेकडून सुका मासा यायचा, जर्मनीकडून धान्य. हा सुका मासा म्हणजे कॉड. मीठ न लावता लाकडी मांडवावर गार वाऱ्यात नुसता टांगून वाळवतात. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर दांड्यांवर बोंबील घातलेले पाहिले असतील तर दृश्य डोळ्यांसमोर येईल. फक्त एकेक मासा हाताएवढा आणि ऊन जवळजवळ नाही.

आताची घरं १७०२ च्या आगीनंतर जुन्याच आराखड्यावर उभी केलेली. दोन इमारतींमधल्या बोळात शिरा. पायाखाली फळ्या, डोक्यावर सज्जे, भिंती एकमेकींकडे कललेल्या, डांबराचा आणि ओल्या लाकडाचा वास. इथे व्यापाऱ्यांचे नोकर आणि शिकाऊ पोरं राहायची, बायकांना मज्जाव, आणि आगीच्या भीतीने राहत्या घरात चूलही नाही, शेकोटीही नाही. ऊब आणि गरम जेवण हवं तर मागच्या बाजूच्या वेगळ्या सामायिक दालनांत जायचं. बर्गनच्या हिवाळ्यात. सकाळी आठच्या आत जा. क्रूझ जहाजं लागली की बोळात कोपर हलवायला जागा राहत नाही.

खर्च किती येतो? शाकाहारी माणूस जगेल का?

मी गेले तेव्हा क्रोनर, म्हणजे तिथलं चलन, साधारण आठ रुपयांच्या आसपास होता. कॉफी पन्नासेक क्रोनर, म्हणजे चारशे रुपये. पहिल्या दिवशी गुणाकार करून घ्या आणि मग गुणाकार करणं सोडून द्या, नाहीतर काहीच गिळवणार नाही. रोख नेऊ नका, सगळीकडे कार्ड चालतं.

राहणं फुकट असलं की खाणं हाच मोठा खर्च, आणि तो रेमा १००० किंवा किवीसारख्या सुपरमार्केटमध्ये आवरता येतो. रविवारी बहुतेक मोठी दुकानं बंद, शनिवारीच भरून ठेवा. नळाचं पाणी प्यायचं, विकतचं पाणी घेणारा तिथे वेडा ठरतो.

शाकाहारी लोक ब्रेड, चीज, दही, बटाटे, सुपरमार्केटमधल्या डाळी यांवर आरामात निभावतात. बाहेर जेवायचं म्हटलं तर शोधावं लागतं. मासे खाणाऱ्यांची मजा आहे, पण बंदरावरच्या मासळीबाजारात नुसतं बघा. 'तिथे बर्गनकर विकत घेत नाहीत,' असं बाईंचं म्हणणं. त्यांनी केलेलं मासळीचं सूप सायीसारखं दाट, पांढरं, गोडसर होतं. मालवणी माणसाचा हात आपोआप तिखटाच्या डब्याकडे जाईल. एक डबी सोबत असू द्या.

डबा मात्र शिकून घ्या. त्याला 'मातपाक्के' म्हणतात. रोज सकाळी बाई पावाच्या चार चकत्या कापायच्या, लोणी लावायच्या, मग चीजच्या किसणीवजा सुरीने, जी १९२५ मध्ये एका नॉर्वेजियन सुताराने शोधून काढली, तपकिरी चीजचा कागदासारखा पापुद्रा काढून वर ठेवायच्या. वरून दुसरी चकती नाहीच. दोन उघड्या चकत्यांच्या मध्ये मेणकागदाचा चौकोनी तुकडा. तो कागद खास त्याच मापाचा कापलेला विकत मिळतो. मग सगळं एका मोठ्या कागदात, कोपरे दुमडून, पार्सल. हे तपकिरी चीज म्हणजे दह्यातून निघालेल्या निवळीसारखं पाणी साय घालून तासन्‌तास आटवलेलं. चव सांगू? दूध आटवताना पातेल्याला लागते ती खरवड, वर चिमूटभर मीठ. मी वितभर वडी घेऊन आले. घरी आईला आवडली, बाबांनी साबण म्हणून बाजूला ठेवली.

आणि स्किलिंग्सबोल्ले खा. दालचिनी-साखरेचा वेटोळ्याचा पाव, पूर्वी एका स्किलिंगला मिळायचा म्हणून ते नाव. आता स्किलिंग राहिला नाही आणि ती किंमतही.

सात डोंगरांपैकी कुठला करावा?

एकच दिवस असेल तर फ्लोयन, ३२० मीटर. १९१८ पासून चालणारी दोरखंडाची रेल्वे मध्यवस्तीतून थेट वर नेते. पण पायवाट फुकट आहे आणि तासाभरात वर पोचता. उन्हाळ्यात वर बकऱ्या मोकळ्या फिरत असतात, लोक त्यांना नावाने ओळखतात. ऑगस्टात वाटेच्या कडेला ब्ल्यूबेरी पिकलेल्या असतात. तोडून खायला कुणाची हरकत नाही; रानात फिरण्याचा, रानमेवा तोडण्याचा हक्क तिथे सगळ्यांना आहे, १९५७ पासून कायद्यात लिहिलेला. त्याच कायद्यात तंबूलाही परवानगी आहे, राहत्या घरापासून १५० मीटर लांब. पण शहरालगत काही ठिकाणी बंदी असते, पाटी बघा.

पायांत दम असेल तर उलरिकन, ६४३ मीटर. केबल कार आहे, आणि दगडी पायऱ्याही आहेत, १,३३३. त्या नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचल्यात. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर लोक त्या पळत चढतात. मी तिसऱ्यांदा थांबले तेव्हा सत्तरीचे एक आजोबा 'हाय' म्हणत पुढे गेले.

उलरिकनवरून पठारावरून चालत फ्लोयनला उतरायचं, पाच-सात तासांचं, असा माझा बेत होता. चाळीस मिनिटं चालले आणि ढग खाली आले. वाट दाखवणारी पुढची दगडांची रास दिसेना. हरिश्चंद्रगडावर धुक्यात दोन तास गोल फिरलेली मी, तरी वाटत होतं, अजून थोडं जाऊ. नॉर्वेत डोंगराचे नऊ नियम आहेत, शाळेतल्या मुलांनाही माहीत असतात. त्यांतला सगळ्यांच्या तोंडी असलेला म्हणजे वेळेत मागे फिरा, त्यात लाज नाही. बाईंनी सकाळी डबा हातात देताना तेवढंच बजावलं होतं. मी मागे फिरले, केबल कारने उतरले. घरी येऊन सांगितलं, तर 'छान' म्हणून त्या पुन्हा शब्दकोड्यात.

यजमान आपल्याला फिरवून आणतात का?

ही अपेक्षा ठेवूनच जाऊ नका. बाई माझ्याबरोबर एकदाच बाहेर पडल्या, रविवारी, कारण रविवारी त्या तशाही चालायला जातात. मी त्यांच्यासोबत गेले, एवढंच.

पण घरात राहण्याचा फायदा वेगळ्या ठिकाणी होतो. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, काय काय पाहिलंस? मी यादी वाचली. त्या म्हणाल्या, भारतातून आलीस, मग हॉस्पिटल बघ. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ते निघालं सेंट यॉर्गन्स, महारोग्यांचं जुनं इस्पितळ, आता संग्रहालय.

एकोणिसाव्या शतकात युरोपातून हा रोग जवळपास गेला होता तेव्हा पश्चिम नॉर्वेत तो ठाण मांडून होता. १८५६ मध्ये नॉर्वेने सगळ्या रोग्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, जगातली अशी पहिली. आणि १८७३ मध्ये याच शहरात गेऱ्हार्ड आर्माउएर हॅन्सन या डॉक्टरला सूक्ष्मदर्शकाखाली कुष्ठरोगाचे जंतू दिसले. रोग शापाने किंवा वंशातून येत नाही, जंतूने येतो, याला तिथून पुरावा मिळत गेला. आनंदवन, अमरावतीचं तपोवन ही नावं ऐकत मोठं झालेल्या माणसाला ही बातमी किती जवळची आहे ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. मी 'हॅन्सनचा रोग' हे नाव शंभरदा वाचलं होतं, तो हॅन्सन याच शहरात काम करत होता हे ठाऊक नव्हतं.

संग्रहालय त्याला देव करत नाही, हे मला आवडलं. जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो हे सिद्ध करायला हॅन्सनने एका रुग्ण बाईच्या डोळ्यात, तिला न विचारता, रोगाचा अंश टोचला. तिने तक्रार केली, खटला चालला, १८८० मध्ये त्याला इस्पितळातली नोकरी गमवावी लागली. हेही तिथे सांगतात.

इमारत लाकडी, मध्ये उंच दालन, दोन मजल्यांवर भोवती खोल्या. एकेका खोलीत दोन खाटा, मध्ये जेमतेम उभं राहण्यापुरती जागा. दाराचा उंबरठा पावलांनी झिजून मधोमध खोलगट झालाय. तिथले शेवटचे रुग्ण १९४६ मध्ये वारले. मी पाऊण तासासाठी गेले आणि अडीच तासांनी निघाले. हे बहुतेक उन्हाळ्यातच उघडं असतं, वेळ बघून जा.

त्या संध्याकाळी आम्ही बोललो. बाबा आमट्यांबद्दल मी जेवढं येत होतं तेवढं सांगितलं, आणि घड्याळात दहा वाजून गेले तरी बाई उठल्या नाहीत.

शहरात फिरायला काय सोयीचं?

पाय. त्यानंतर ट्राम, म्हणजे बीबानन. विमानतळापासून मध्यवस्तीपर्यंत पाऊण तास. तिकीट ॲपवर काढा. प्रत्येक थांब्याआधी वेगळी छोटी धून वाजते, दोन दिवसांत नुसत्या धुनेवरून उतरता येतं. एडवर्ड ग्रीग या संगीतकाराचं ट्रोल्डहाउगन हे घर बघायचं तर होप या थांब्यावर उतरून पंचवीसेक मिनिटं चालावं लागतं. सायकलवाल्यांसाठी डोंगराच्या पोटातून तीन किलोमीटरच्या आसपास लांबीचा खास बोगदा २०२३ मध्ये सुरू झालाय. पावसात तो सोन्यासारखा.

एकटी मुलगी, अनोळखी माणसाचं घर. भीती नाही वाटली?

वाटली. म्हणून आधीच्या पाहुण्यांनी, त्यातही एकट्या मुलींनी, काय लिहिलंय ते सगळं वाचलं. एकदा व्हिडिओ कॉल केला. पत्ता बहिणीला दिला. एका हॉस्टेलचा पत्ता आणि एका रात्रीचे पैसे बाजूला ठेवले, म्हणजे नको वाटलं तर कुणाला कारण न देता निघता येतं. शहर रात्रीही निवांत आहे. पोलीस ११२, रुग्णवाहिका ११३, अग्निशमन ११०.

दारूचं काय?

महाग. बियर सुपरमार्केटात, तीही संध्याकाळी ठरावीक वेळेपर्यंत. वाइन आणि त्यापुढचं फक्त सरकारी दुकानात, रविवारी बंद. पुढचा प्रश्न.

भेट काय न्यावी?

दुधाचं आणि मांसाचं काहीही नको. युरोपबाहेरून ते आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे, बर्फी, साजूक तूप घरीच. मी चकली, कोकम आणि शेंगदाण्याची चटणी नेली. चटणी बाईंनी ब्रेडवर लोण्याबरोबर लावून खाल्ली आणि डबी फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात, मांजराच्या औषधामागे, लपवून ठेवली. कोकम सरबताला 'मनोरंजक' म्हणाल्या. त्याचा अर्थ मी लावला.

निघताना काय करायचं?

पैसे देऊ नका, अपमान वाटतो. चादर, उशीचा अभ्रा काढून घडी करून पलंगाच्या पायथ्याशी ठेवा, केस वगैरे झाडून घ्या, कचरा खाली नेऊन टाका. मिठीची अपेक्षा ठेवू नका. मला मिळाली, पण ती बुटाच्या लेस बांधत असताना, अर्धी पाठीवर.

आणि नंतर एक मेसेज नक्की पाठवा. त्यासाठी त्यांच्याकडे तयार वाक्य आहे: 'ताक्क फोर सिस्ट', मागच्या भेटीबद्दल आभार. मी डोंबिवलीला पोचल्यावर, गॅलरीत ओल्या बुटांत बोळे कोंबताना, ते पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'काल इथे दिवसभर ऊन होतं. तू चुकवलंस. आज पिरपिर.'